एकतीस डब्यांचं रान

१४ मार्च १९६५, रविवार

आजपासून रोजनिशी. आजच्या दिवसाची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे आणि कंपनीच्या रजिस्टरात असल्या गोष्टींना रकाना नाही.

कुंभवलीच्या अलीकडे आमच्या कंपनीचं कॉलनीचं काम चाललंय. त्याला मुरूम लागतो. मुरूम आहे वाघोबाच्या टेकडीत. टेकडीवर रान, रानात वाघोबाचा दगड. काल टेकडीखालच्या पाड्यावरची सगळी माणसं झाडांखाली जाऊन बसली आणि उठेनात. साहेब मद्रासकडचे. त्यांनी मला बोलावलं, कारण साइटच्या स्टाफमध्ये मराठी मी एकटाच. मी नेवाशाचा, इकडची बोली मला अर्धीच कळते, पण हे साहेबांना सांगायची गरज नव्हती.

पाड्याचा म्हातारा महादू म्हणाला, झाडं जातील, मंग देव काय उन्हात बसंल? आणि मला एकदम सुचलं. मी स्टोअरकीपर आहे. सहा वर्षं नट-बोल्ट, पाइप, सिमेंट सांभाळतोय, आजवर एक वायसर हरवलेला नाही. रान म्हणजे तरी काय? बी. बी म्हणजे स्टॉक. मी जाहीर केलं की टेकडीवरच्या प्रत्येक झाडाचं बी स्टोअरला जमा होईल, आणि मुरमाचं काम संपलं की स्टोअरमागच्या प्लॉटवर तेच रान देवासकट परत उभं राहील.

मग राहीबाई उठली. ही त्याच पाड्यावरची, आमच्याकडे टोपलीकामाला येते. ती म्हणाली, भाऊ खिळा हरवू देत नाय, बी पण सांभाळंल. नाय जमलं तर माज्या तोंडाला काळं फासा. त्यानंतर माणसं उठली. माझ्या बोलण्याचा परिणाम होता, पण तिनेही मदत केली हे मान्य करतो.

साहेब म्हणाले, गुड.

१६ मार्च

राहीबाईला घेऊन टेकडी फिरलो. ती झाड दाखवते, मी लिहितो. माझा अंदाज चार जातींचा होता: मोठी, लहान, काटेरी आणि इतर. एकतीस निघाल्या. ऐन, खैर, हेद, कळंब, मोह, शिवण, कोशिंब... काही तर टेकडीवर एकेकटीच आहेत. बिब्याची फळं मी स्वतः तोडली. ती नको नको म्हणत होती. पण माल उतरवून घेताना स्टोअरकीपरने जातीने हात लावला पाहिजे हे माझं तत्त्व आहे.

१७ मार्च

बिबा उतलाय. हात, मान आणि डावा डोळा सुजला आहे. तत्त्वात दुरुस्ती: बिबा सोडून.

४ एप्रिल

कॅन्टीनमधून बिस्किटांचे एकतीस रिकामे डबे मिळवले. सगळे एका मापाचे. बहाव्याच्या शेंगा डब्यात मावेनात, मोडून घातल्या. प्रत्येक डब्याला लेबल. रॅक नंबर चारवर रांगेत लावले तर इतकं सुंदर दिसतं की खरं रान त्यापुढे विस्कळित वाटतं.

संकल्प: उद्यापासून रोज पाच झाडं पानावरून ओळखायला शिकणे. आठवड्यात काम पूर्ण.

११ एप्रिल

झाडं ओळखण्याची तशी आवश्यकता नाही असं विचारांती ठरवलं. लेबल आहे.

३० मे

चार माणसं आणि चार खराटे लावून टेकडी झाडून घेतली. जांभूळ, मोह, भोकर, टेंभुर्णी. एकेकट्या झाडांकडे तर विशेष लक्ष दिलं. त्यांच्याखाली वाकून बघितलं, एक बी शिल्लक नाही. राहीबाईचं म्हणणं पडलं की थोडं तरी भुईला राहू द्या. मी तिला समजावलं की स्टोअरच्या भाषेत याला गळती म्हणतात. ती म्हणाली, भाऊ, भुई पण ठेवते सांभाळून. हसू आलं. भुईला कुलूप कुठे असतं?

२ जून, सकाळ

अनर्थ. डबा क्रमांक ७ (जांभूळ) उघडला तर बियांना पांढरे कोंब. डबा ११ (मोह), तेच. स्टॉक परवानगीशिवाय वाढला आहे. इश्यू स्लिप नाही, सही नाही, काही नाही.

२ जून, संध्याकाळ

सगळे कोंब कात्रीने कापले. नाइलाज होता. राहीबाईला सांगितलं तर ती खाली बसली. अशिक्षित माणसाला प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्स समजावणं अवघड.

निदान: ओल. उपाय: वाळवण. या भागात वाळवणाचा तज्ज्ञ कोण? विचार करतो.

४ जून

उत्तर समोर होतं. आमच्या मेसला सुकट घालणारी गोदूबाई. इथल्या किनाऱ्यावरच्या नवापूरची कोळीण, तिचे बोंबील वर्षभर टिकतात. सायकलवर दोन फेऱ्या करून एकतीस डबे तिच्याकडे पोचवले. होड्या वर ओढायला लागलेत, त्यामुळे तिचं मासळी वाळवायचं खळं निम्मं मोकळं आहे. पाऊस यायच्या आत पाच उन्हं मिळतील म्हणाली. वास लागंल, चालंल का, असं विचारलं. चालेल. मीठ लावू का, असं विचारलं. मी म्हटलं, तुमच्या पद्धतीत जे बसत असेल ते सगळं करा, माल टिकला पाहिजे. किंमत सांगेना, म्हणाली की भाऊ, असलं काम माज्या बापानं पण नाय केलं, पैशे कशाचे घेऊ.

निघताना तिने एक विचित्र प्रश्न केला. सुकवलेला बोंबील पाण्यात सोडला तर पोहतो का रं? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मंग झालं. काय झालं ते कळलं नाही. या लोकांची बोलण्याची एक पद्धत असते.

१० जून

माल परत. खडखडीत वाळलेला. डबा हलवला की खुळखुळ्यासारखा वाजतो. झाकणांना ग्रीस लावून सील केले. पन्नास वर्षं काही होत नाही.

११ जुलै

राहीबाई रोज विचारते, भाऊ, बी कवा टाकायचं? आता पाऊस हाय. मी म्हटलं, टेकडी अजून उभी आहे, तर तिची बदली टेकडी कशी इश्यू करणार? जुना माल जमा झाल्याशिवाय नवा देत नाही, बॅटरीला जो नियम तोच रानाला. ती म्हणाली, मोहाचं बी आठ दिस पण थांबत नाय, त्याला माती लागते. मी तिला नेऊन रॅक दाखवला. दीड महिना थांबलेलं आहे, स्वतः बघ.

बहाव्याबद्दल तर भलतंच सांगत होती. म्हणे ते बी कोल्ह्याच्या पोटातून जाऊन आलं म्हणजे लवकर रुजतं. स्टोअरमध्ये ती सोय नाही.

११ सप्टेंबर

युद्ध. खिडक्यांना काळा कागद. डबे सर्वांत खालच्या कप्प्यात हलवले आणि वर सिमेंटची पोती रचली. बॉम्ब पडला तरी रान वाचलं पाहिजे.

२२ ऑक्टोबर

टेकडीवर वाघबारस, वाघोबाचा वर्षाचा सण. साल संपल्यावर टेकडी कापायची म्हणून पाड्यावरची माणसं दरवर्षीपेक्षा जास्त आली होती. वाघोबाला शेंदूर, नारळ, कोंबडं. मला मानाने पुढे बसवलं. महादू देवाला म्हणाला की हा भाऊ तुजं रान डब्यात घेऊन चाललाय, त्याला सुखी ठेव. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. राहीबाईने ताठ मानेने बघितलं.

माझा ऊर भरून आला. नेवाशाच्या शाळेत मला 'ढ' म्हणायचे, त्यांनी आज इथं असायला हवं होतं.

६ जानेवारी १९६६

टेकडी साफ. झाडं चार दिवसांत पडली. आवाज फार होतो, एवढी कल्पना नव्हती.

वाघोबाचा दगड रीतसर जमा करून घेतला. कार्ड लिहिलं: देव, दगडी, वाघाचं चित्र कोरलेलं, नग एक. रॅकला पेलवेना म्हणून वजनकाट्याशेजारी उभा केला आहे. पाडलेल्या झाडांतून एक सरळ फांदी तेवढी स्वतःसाठी आणली, मनगटाएवढी जाड. कपडे वाळत घालायला दांडी हवीच होती. स्टोअरमागे रोवली आणि खिडकीपर्यंत दोरी बांधली.

९ जानेवारी

तक्रार. मुरमाच्या वरची काळी माती, पाला, मुळ्या असला सगळा टाकाऊ भाग ट्रकने आणून माझ्या स्टोअरमागे, कपड्याच्या दांडीलगतच ओतत आहेत. विचारलं तर सुपरवायझर म्हणतो, रिजेक्ट मटेरियल स्टोअरमागेच टाकायचं हा तुमचाच नियम. तो नियम गंजलेल्या सळयांसाठी होता. चौदा ट्रक. ढीग माझ्या खिडकीच्या उंचीला आला. सही करून घेतला, पण शेरा मारला: निरुपयोगी.

१५ मे

प्लॉट तयार करवला. गवत मुळासकट काढलं, दगड वेचले, रोलर फिरवला, खराटा मारला. कडेला चुना. बाभळीचं एक झुडूप सावली करत होतं, तेही काढलं. आता बिलियर्डच्या टेबलासारखा दिसतो (मी ते पाहिलेलं नाही, साहेब म्हणाले). पेंटरकडून एकतीस पाट्या रंगवून घेतल्या, हिरव्यावर पांढरी अक्षरं. ओळ १ ऐन, ओळ २ खैर, वगैरे. साध्या अक्षरांत, म्हणजे पाड्यावरच्या माणसांनाही वाचता येईल. नंतर समजलं की त्यांच्यात कोणालाच वाचता येत नाही. तरी शोभा आहे.

१२ जून

ऐतिहासिक दिवस. सील उघडले, एकही दाणा किडलेला नाही. निम्मा माल पेरला, निम्मा राखीव. दोन बियांमध्ये बरोबर एक फूट, पट्टी लावून. राहीबाई दाणे वाकून हुंगत होती. विशेष काही नाही, सुकटीचा वास.

दुपारी कावळे आले, नंतर चार मांजरं. मांजरांनी ओळ ९ ते १४ उकरली. माणसाला कळत नाही पण जनावराला दर्जा कळतो.

३ जुलै

पाऊस उत्तम. उगवण: शून्य. बी आतल्या आत तयारी करत असणार.

मागच्या ढिगावर मात्र तण माजलंय. बारीक बारीक, तांबूस पानांचं, शेकड्यांनी. तिथून माझ्या प्लॉटवर पसरायला वेळ लागणार नाही. बंदोबस्त करणे.

१० जुलै

उगवण: दोन! ओळ ५ मध्ये एक, ओळ २२ मध्ये एक. साहेबांना तातडीने चिठ्ठी पाठवली.

१७ जुलै

ओळ ५ मधली मिरची निघाली. ओळ २२ मधला भोपळा. मी दुपारचा डबा तिथे बसून खातो, त्याच्याशी संबंध असावा. साहेबांना दुसरी चिठ्ठी पाठवायची घाई नाही.

ढिगावरचं तण काढायला राहीबाईला लावलं. तिने एक काडी वर धरून दाखवली आणि म्हणाली, भाऊ, ही ऐनाची पोरं हायती. मी तिला हाताला धरून ओळ १ पाशी नेलं आणि पाटी दाखवली. ऐन इथे आहे. ती पाटीकडे बघत राहिली, मग खालच्या मोकळ्या जमिनीकडे बघत राहिली. आज साठ उपटले.

२४ जुलै

राहीबाईचा कामाचा वेग कमी झालाय. उपटलेला कचरा एकेक करून ओंजळीत घेते आणि ढिगाच्या पलीकडच्या उताराला, न्हाणीचं पाणी वाहतं तिथे, नेऊन टाकते. सरळ फेकत नाही. हे एक तिचं चांगलं आहे, शिस्त आहे. इकडून काही दिसत नाही. पलीकडे मी जात नाही, चिखल आहे.

७ ऑगस्ट

सलग तीन दिवस स्वतः उभा राहून ढिगाची अलीकडची बाजू साफ करून घेतली. हे कोशिंब आहे, एकच हाय भाऊ, असं मधेच म्हणत होती. कोशिंब ओळ १७. उपटायला लावलं आणि तिथल्या तिथे पायाने चुरडलं, नाही तर परत रुजतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, धूळ गेली. भर पावसात धूळ कशी जाते ते कळलं नाही.

तीन दिवसांत साडेतीनशे. प्लॉटची उगवण तूर्त शून्य, पण स्वच्छता डोळ्यात भरते.

१० नोव्हेंबर

वाघबारस. टेकडी नाही, प्लॉटवर सावली नाही, म्हणून माणसं स्टोअरमध्येच आली. नारळ वजनकाट्यावर फोडला. काटा अकरा ग्रॅमने बिघडला आहे. कोंबडं सिमेंटच्या पोत्यांमागे पळालं, दोन तास शोध.

महादूने विचारलं, भाऊ, रान कुठं? मी म्हटलं, प्रगतिपथावर. त्याने दारातून प्लॉटकडे बघितलं. एकतीस पाट्या आणि एक भोपळा. राहीबाईकडे बघून म्हणाला, देव पत्र्याखाली बसवलास गो.

मग बायका नाचायला एकमेकींच्या कमरेला हात घालून उभ्या राहिल्या. राहीबाईला कोणी ओढलं नाही. ती दारापाशी एकटी उभी होती. मला वाटलं पाय दुखत असेल. तसं मला वाटलं नव्हतं, पण तसं लिहितो.

१८ डिसेंबर

बोईसरच्या बाजारात गोदूबाई भेटली. तक्रारीच्या सुरात विचारलं की नक्की काय काय केलं होतं. ती अभिमानाने म्हणाली, बोंबलाला लावते त्याच्या दुप्पट मीठ लावलं, भाऊ. जाडं मीठ, दोनदा चोळून. तुमी सांगितलं ना, टिकलं पाहिजे. मग विचारलं, टिकलं का?

टिकलं, असं सांगावं लागलं. ते खरं आहे.

राखीव मालातला एक दाणा जिभेवर ठेवून बघितला. खारट. जुन्या नोंदी चाळल्या तर परवानगी माझीच. पण मीठ हे समुद्रातून येतं, निसर्गातलंच आहे. त्याने इतका फरक पडू नये.

२५ जून १९६७

राखीव माल गोड्या पाण्यात आठ दिवस भिजवून पेरला. यंदा निश्चित.

१६ जुलै

शून्य. माझ्या मते टेकडीच्याच बियांत पहिल्यापासून दोष असावा.

कपड्याच्या दांडीला गेल्या पावसाळ्यापासून फांद्या फुटल्या आहेत, यंदा तर माझ्यापेक्षा उंच झाली. तीन-तीन पानांचे झुपके बनियनवर टपटपतात. उपटायचं होतं, पण मग दोरी कुठे बांधणार?

६ ऑगस्ट

ढिगाची पलीकडची बाजू हाताबाहेर गेली. वरून झाडोरा दिसायला लागला, कमरेइतका. त्यातून करवंदीची काटेरी जाळी अलीकडे आली आहे, तिच्यामुळे शेळ्यासुद्धा आत शिरत नाहीत. पहाटेपासून बुलबुल ओरडतात. माझ्या दांडीवर बसतात आणि शिटतात, त्या शिटेतसुद्धा बिया असतात. म्हणजे बाहेरून आणखी माल येतोय आणि नोंद कुणाकडेच नाही.

राहीबाईला विचारलं की हा सगळा कचरा तू गेल्या वर्षी उपटलास ना? म्हणाली, उपटला ना. तुमी सांगितलं तेवढा उपटला.

१९ सप्टेंबर

नवे साहेब साइट बघायला आले. पुण्याचे. प्लॉटवर त्यांना पाट्या वाचून दाखवल्या. ते म्हणाले, झाडं कुठे आहेत? म्हटलं, सुप्तावस्थेत. मग ते ढिगाजवळ गेले, पलीकडे डोकावले आणि म्हणाले, वा, हे फार छान जमलंय. मी ताबडतोब खुलासा केला की ते रिजेक्ट मटेरियलवरचं तण आहे आणि दिवाळीपूर्वी डोझर लावून सपाट करून घेतो. साहेब माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. माझ्या तत्परतेची त्यांना सवय नसावी.

डोझरचा अर्ज केला. तारीख मिळाली: ३१ ऑक्टोबर.

२९ ऑक्टोबर

राहीबाई संध्याकाळी आली. तिला डोझरचं कळलंय. पायरीवर बसली. म्हणाली, भाऊ, उद्या वाघबारस हाय. यंदा देव स्टोअरात नको. पाड्यानं मला वरीसभर बोलवलं नाय, चालंल. पण उद्या देवाला एकदा माज्या हातानं बाहेर न्यावा, मंग परवा तुमी काय ते करा. मी म्हटलं, कुठे नेणार? तिने सांगितलं नाही. देव हा सांभाळायला ठेवलेला माल, मालकाने मागितला तर अडवता येत नाही. सही घेतली. म्हणजे अंगठा.

३० ऑक्टोबर

काय काय झालं ते क्रमाने लिहितो.

माणसं आली. चौघांनी वाघोबाला उचललं. राहीबाई पुढे. प्लॉटकडे बघितलंसुद्धा नाही. ढिगाला वळसा घालून पलीकडे गेली. मीही गेलो, पहिल्यांदाच. चिखल वगैरे नव्हता.

रान होतं. लहान, कुठे गुडघ्याइतकं, कुठे छातीइतकं, पण रानच. मांडणी काही नाही, मोठ्याला लहान खेटून, काट्याच्या आडोशाला नाजूक. आत गारवा होता. माझ्या प्लॉटवर दोन वर्षांत गारवा कधी लागला नाही.

महादू मधोमध उभा राहिला. एका झाडाला हात लावायचा, नाव घ्यायचा, दुसऱ्याकडे जायचा. टेकडी जशी होती तशी, वरची खाली झालेली. चौदा ट्रक मातीत बी होतं, मुळ्या होत्या, पोरं होती. मी उपटायला लावलेली राहीबाईने पलीकडे नेऊन लावली होती, माझ्या कामाच्या वेळात, माझ्या देखरेखीखाली.

देवाला सावली कुठे, तर त्या सगळ्यात डोक्याच्या वर गेलेलं झाड एकच होतं. ढिगाच्या टोकाशी रोवलेली माझी दांडी. महादू म्हणाला, हा पांगारा. वाघोबाच्या पाठीशी हुता तोच. दगड तिच्या बुंध्याशी ठेवला. दोरीवर माझे दोन बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती. सगळे थांबले. मी कपडे काढून घेतले.

मग शेंदूर, नारळ. बायका नाचायला उभ्या राहिल्या. महादूची सून गेली आणि राहीबाईला हाताला धरून मधे घेतलं. ती रडत होती आणि नाचत होती. मीही रडलो. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. धूळ नव्हती.

संध्याकाळी डोझरचा अर्ज मागे घेतला. कारण: मटेरियल वापरात आहे.

३१ ऑक्टोबर

सकाळी राहीबाईने प्लॉटवरच्या पाट्या मागितल्या. नव्या साहेबांना दाखवायला नावं पाहिजेत म्हणाली, नाय तर उद्या दुसरा कोणी डोझर आणंल. बरोबर आहे. तिला वाचता येत नाही, मला झाडं ओळखता येत नाहीत. ती रोपापाशी उभी राहून नाव सांगायची, मी ती पाटी शोधून ठोकायचो. ऐन. खैर. हेद. शिवण. दुपारपर्यंत एकोणीस लागल्या. विसावी पांगाऱ्याला.

मग ती थांबली. माझ्या हातात अकरा पाट्या होत्या. मी म्हटलं, पुढचं सांग. ती म्हणाली, नाय, झालं. मी एकेक वाचून दाखवली. मोह. जांभूळ. टेंभुर्णी. भोकर. म्हणाली, ही एकेकटी झाडं हुती भाऊ. ह्यांच्या खालचं तुमी खराट्यानं झाडून नेलं, भुईला एक बी ठेवलं नाय. कोशिंब मी वाचलीच नाही, ती पाटी सगळ्यांच्या खाली सरकवली.

जराशाने ती म्हणाली, वाईट नका वाटून घेऊ. तुमच्या हातून जे सुटलं ते उगवलं. मला बरं वाटावं म्हणूनच ती म्हणाली.

अकरा पाट्या परत आणल्या. रंग चांगला आहे, एकही अक्षर उडालेलं नाही. पुसून, कागदात गुंडाळून रॅक नंबर चारवर ठेवल्या. कोरड्या जागी.